सुट्टी लागण्याआधी मुलांच्या भेटी कागदावर आणा

मार्च संपत आला आहे. एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा उरकतील आणि मेमध्ये न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागेल. वेगळे राहणाऱ्या, घटस्फोटाच्या तारखा चालू असलेल्या आणि घटस्फोट होऊन गेलेल्या सगळ्या आईबापांना कळकळीची विनंती आहे. सुट्टीत मूल कोणाकडे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहणार, हे येत्या पंधरा दिवसांत लेखी ठरवून टाका. तोंडी नको, मामा-काकांच्या मध्यस्थीने ‘बघू पुढे’ असं मोघम नको, आणि पोराच्या हाती निरोप पाठवून तर मुळीच नको. आपसात जमत नसेल तर कोर्टात अर्ज आत्ता द्या.

घाईचं कारण साधं आहे. आज अर्ज दिला आणि उद्या आदेश मिळाला, असं होत नाही. अर्जाची प्रत समोरच्या पक्षाला द्यावी लागते. ‘से’, म्हणजे लेखी उत्तर, दाखल करायला त्यांना तारीख मिळते, त्या तारखेला वकील दुसऱ्या कोर्टात अडकले की पुढची तारीख पडते. मग दोघांना विवाह समुपदेशकांकडे पाठवतात, त्यांचा अहवाल येतो, युक्तिवाद होतो आणि त्यानंतर आदेश. एप्रिलच्या अखेरीस कौटुंबिक न्यायालयात डोकावलंत तर सुट्टीतल्या ॲक्सेसचे, म्हणजे मुलाच्या भेटीचे, अर्ज घेऊन आलेल्यांची रीघ दिसेल. ज्यांचं काम तेवढ्यात होत नाही त्यांना सुट्टीकालीन न्यायाधीशांपुढे तातडी पटवून द्यावी लागते. तोवर निम्मा मे सरतो. जूनमध्ये शाळेची घंटा वाजली की त्या अर्जाला काही अर्थ उरत नाही.

आणि आदेश हाती नसला की माणसं आपापला निकाल लावतात. शेवटचा पेपर सुटताच शाळेच्या फाटकातूनच कोणी मुलाला गाडीत घालून गावी नेतं. कोणी माहेरी जाऊन फोन बंद करून बसतं. दुसरा पालक पोलीस ठाण्यात धावतो आणि ‘हा तुमचा घरगुती मामला, कोर्टात जा’ हे ऐकून परत येतो. ऐकणाऱ्याला ही टोलवाटोलवी वाटते, पण त्यात कायद्याचा भागही आहे. कोर्टाने मनाई केलेली नसताना बाप स्वतःच्याच मुलाला घेऊन गेला तर त्याच्यावर अपहरणाचा गुन्हा लावता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 साली म्हटलं. म्हणजे आदेश नसेल, सही केलेला कागद नसेल, तर तुमची बाजू कितीही खरी असो, ठाणे अंमलदाराला दाखवायला तुमच्याकडे काही नसतं.

कायदा काय सांगतो याबद्दल सोसायटीच्या कट्ट्यावर जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं अर्धवट असतं. सगळ्यात पक्का समज म्हणजे ‘पाच वर्षांपर्यंत मूल आईचं, पुढे बापाचं’. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, एवढंच म्हटलं आहे. पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप बापाकडे जातं, असं त्यात कुठेही नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम फार स्पष्ट करून सांगितलं: इतक्या लहान मुलाच्या बाबतीत आई लायक आहे हे तिने सिद्ध करायचं नाही, ती लायक नाही असं बापाला वाटत असेल तर ते त्याने सिद्ध करायचं. याच कायद्याने बापाला पहिला नैसर्गिक पालक ठरवलं आहे आणि ‘त्याच्यानंतर’ आईला. बाप मेल्यावरच आई पालक होते, असा त्याचा अर्थ वर्षानुवर्षं लावला गेला. लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध दाद मागितली, तेव्हा 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाप प्रत्यक्षात मुलाची काळजी घेत नसेल तर त्याच्या हयातीतही आई पालक असू शकते. आज बँकेच्या खिडकीवर किंवा शाळेच्या कार्यालयात ‘वडिलांचीच सही लागते’ असं कोणी म्हटलं, तर या निकालाचं नाव घ्यायला हरकत नाही.

दुसरा समज, ‘नऊ वर्षांचं झालं की मूलच ठरवतं’. नऊ हा आकडा कुठून आला कोण जाणे. 1890 चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे आणि आजही त्याच्याच आधारे ताब्याचे अर्ज चालतात. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं, असं तो कायदा म्हणतो. विचारात घेणं वेगळं आणि हुकूम पाळणं वेगळं. न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात, आईबापांना बाहेर बसवून बोलतात, आणि घोकून घेतलेली वाक्यं त्यांच्या कानाला लगेच कळतात. ‘पप्पांनी माझ्या करिअरकडे दुर्लक्ष केलं’ असं सात वर्षांची मुलगी बोलली, तर ते वाक्य कोणाचं आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आपल्या बाजूने बोलावं म्हणून मुलाला पढवू नका. त्याने खटल्यात फायदा होत नाही आणि पोराच्या मनावर ते ओझं पुढे फार वर्षं राहतं.

‘ज्याचा पगार मोठा त्याला ताबा’ हेही खरं नाही. पैशाची उणीव पोटगीने भरून काढता येते. कोर्ट बघतं ते वेगळंच: दप्तर कोण भरतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, शाळेतल्या बाईंना कोण ओळखतं, आणि मुलाचं दुसऱ्या पालकाशी नातं टिकावं म्हणून कोण मोकळं मन ठेवतं. मुलाचं हित सर्वांत वरचं, आईबापांचे हक्क त्याखाली; 1956 च्या कायद्याचं तेरावं कलम हेच सांगतं. ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेलाही नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, बदली झाली, की तो बदलून मागता येतो. म्हणून ‘हरलो, आता सगळं संपलं’ अशा टोकाला जाण्याचं कारण नाही.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याला काय मिळतं? सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली एका निकालात म्हटलं की दोन्ही पालकांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेटीखेरीज फोनवरून, व्हिडिओ कॉलवरून बोलण्याची सोयही आदेशात असावी. हे वाक्य वेगळे राहणाऱ्या प्रत्येक घरात फ्रीजवर चिकटवावं असं मला वाटतं. ‘मी त्याला भेटू देते’, ‘मी तिला बोलू देतो’ अशा भाषेत आपण मुलाचीच वस्तू मुलाला उपकार म्हणून देत असतो. विधी आयोगाने आपल्या 257 व्या अहवालात, 2015 सालीच, संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात आणावी अशी शिफारस केली होती. तिचा कायदा झालेला नाही. पण दोघांची तयारी असेल तर संमतीने तशी व्यवस्था आजही करता येते, न्यायालयं ती मान्य करतात.

व्यवहारात मात्र बहुतेकांच्या वाट्याला काय येतं? पहिला आणि तिसरा शनिवार, कोर्टाच्या आवारातली मुलांची खोली, दोन-तीन तास. खोलीत थोडी खेळणी, भिंतीवर कार्टून, कोपऱ्यात दुसरं एखादं कुटुंब, दाराशी आजी राखण बसल्यासारखी. ओळख तुटलेल्या तान्ह्या मुलासाठी, किंवा जिथे धोक्याची शंका आहे तिथे, ही सोय हवीच. पण आठ वर्षांच्या चांगल्या हुंदडणाऱ्या मुलाने आपल्या बापाला वर्षानुवर्षं याच खोलीत का भेटावं? बाप म्हणजे शनिवारी चॉकलेट आणणारा आणि घड्याळाकडे बघणारा माणूस, अशीच त्याची ओळख होते. दोन तासांत कोणी कोणाला रागवत नाही, गृहपाठ घेत नाही, भाजी खायला लावत नाही. म्हणजे पालक म्हणून जे करायचं ते काहीच होत नाही. मुक्कामाची भेट, ज्याला कोर्टात ओव्हरनाइट ॲक्सेस म्हणतात, ती हवी. आणि तिची सुरुवात करायला उन्हाळ्याच्या सुट्टीइतका सोपा काळ वर्षात दुसरा नाही. शाळा नाही, क्लास नाही, सकाळी उठवायची घाई नाही. म्हणूनच हा आग्रह यंदाच्या सुट्टीसाठी.

आता कागदावर काय लिहायचं ते बघू, कारण खरी भांडणं मोठ्या तत्त्वांवरून होत नाहीत, ती ‘सहाला आणतो म्हणाला आणि साडेआठला आणलं’ यावरून होतात.

सुट्टीचे दोन भाग करा आणि तारखा लिहा. ‘निम्मी सुट्टी’ असं लिहू नका. शाळा कधी उघडते ते प्रत्येक शाळेचं वेगळं असतं, आणि विदर्भात तर ती उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते. मूल तीन-चार वर्षांचं असेल तर सलग महिनाभर आईपासून किंवा बापापासून दूर ठेवू नका. त्या वयाला भेटी लहान आणि वारंवार असाव्यात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पंधरा दिवस सलग राहता येतं. पंधरा-सोळाच्या पोरीला तिच्या मैत्रिणी, तिचा क्लास, तिची मॅच असते. तिचं वेळापत्रक तिला विचारून करा.

न्यायचं-आणायचं कुठे, हे ठिकाणासह लिहा. एक जण पुण्यात आणि एक कोल्हापुरात असेल तर साताऱ्याच्या एसटी स्टँडवर, अमुक वाजता. उशीर होणार असेल तर फोन किती आधी करायचा तेही. पोलीस चौकीच्या दारात मुलाची देवाणघेवाण शक्यतो टाळा. आजीचं घर, शाळा, शेजारच्या काकूंचं घर, काहीही चालेल, जिथे दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही तरी निभतं.

सण हा आपल्याकडचा सगळ्यात नाजूक विषय. गणपती, दिवाळी आणि वाढदिवस यांचा उल्लेख नसलेला करार ऑगस्टमध्ये फाटतो, हे ठरलेलं. सम वर्षी गणपती बाबांच्या गावी आणि दिवाळी आईकडे, विषम वर्षी उलट, अशी साधी वाटणी टिकते. लक्ष्मीपूजन एकाकडे आणि भाऊबीज दुसऱ्याकडे असंही करता येतं, घरं एकाच शहरात असतील तर. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते: ‘मुलगा माझ्याकडे, मुलगी तुझ्याकडे’ अशी भावंडांची वाटणी करू नका. मोठ्यांना ती न्याय्य वाटते. मुलांकडून मात्र त्यांचं उरलंसुरलं घर तिच्यामुळे काढून घेतलं जातं.

त्याखेरीज रोजच्या फोनची वेळ, आजारपणात दुसऱ्याला लगेच कळवणं, निकालपत्राची प्रत, पालकसभेला दोघांनाही मोकळीक, पासपोर्ट कोणाच्या कपाटात, परगावी किंवा परदेशी नेण्याआधी लेखी संमती, हे सगळं एकेका ओळीत येतं. दोन्हीकडच्या आजी-आजोबांना भेटण्याची एक ओळ जरूर घाला. ते खटल्याचे पक्षकार नसतात, पण नातवंड त्यांचंही तुटलेलं असतं.

पैशाचा प्रश्न यापासून वेगळा ठेवा. पोटगी थकली म्हणून भेट आपोआप बंद करता येत नाही, आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज आहे, न मिळालेल्या भेटीसाठी आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एका निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांना मिळकत आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. तेव्हा ‘तो पगार लपवतो’ या तक्रारीलाही आता कायद्याची वाट आहे. ‘फी भर, मग पोराचं तोंड बघ’ हे वाक्य ज्या घरात बोललं जातं तिथे मूल स्वतःची किंमत मोजायला शिकतं. फौजदारी तक्रार मागे घेण्याच्या बदल्यात भेट, किंवा भेटीच्या बदल्यात फ्लॅट, असल्या तडजोडी सुचवणारा कोणी हितचिंतक असेल तर त्याला आधी घराबाहेर काढा, मग तो नातेवाईक असो की वकील.

यातलं काहीच ज्यांना लागू नाही, अशीही घरं आहेत आणि त्यांच्यावर हा आग्रह लादू नये. जिथे मारहाण आहे, दारू किंवा नशा आहे, मुलाशी लैंगिक गैरवर्तनाची शंका आहे, तिथे ‘दोघांचं प्रेम’ वगैरे ऐकून गप्प बसू नका. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्यात दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात आणि भेट मुलाला घातक ठरेल असं वाटलं तर ती नाकारूही शकतात. देखरेखीखालची भेट मागता येते. मात्र भेट बंद करण्याचा निर्णय कोर्टाकडून घ्या, परस्पर घेऊ नका. परस्पर घेतलात तर खरी भीतीही पुढे आडमुठेपणा म्हणून मांडली जाते. आणि केवळ सूड म्हणून असा आरोप करण्याचा मोह होत असेल, तर त्या आरोपात आधी चौकशी मुलाच्या शरीराची आणि मनाची होते, बापाची नंतर, एवढं आठवा.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही सुट्टी आणखी जोखमीची. मुलांना घेऊन भारतात यायचं आणि परत जायचंच नाही, असे प्रकार दर उन्हाळ्यात होतात. मुलांना परस्पर परदेशी नेण्याबद्दलच्या 1980 च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. तिकडच्या कोर्टाचा आदेश इथे विचारात घेतला जातो, पण मुलाचं हित कशात आहे हे इथलं न्यायालय स्वतः तपासतं, आणि त्यात वर्षं जातात. तेव्हा निघण्याआधी परतीच्या तिकिटाची तारीख, इथला पत्ता आणि रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ लेखी ठरवा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथल्या बापाची सकाळ म्हणजे इथल्या मुलाची संध्याकाळ, आणि ती वेळ दोघांनाही सोयीची आहे.

थोडं बाकीच्यांशी. आजी-आजोबांनो, मामा-मावश्यांनो, काका-आत्यांनो, सून कशी होती आणि जावई कसा निघाला हे तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा, निदान मूल खोलीत असताना. मूल त्या घरून आल्यावर ‘तिथे काय खायला दिलं, कोण आलं होतं, तुझ्याबद्दल काय बोलले’ ही उलटतपासणी बंद करा. वर्गशिक्षकांनो, कोर्टाचा उलट आदेश तुम्हाला दाखवलेला नसेल तर दोन्ही पालकांना मुलाची प्रगती सांगा, आणि फाटकावर तमाशा होईल अशी कुणकुण असेल तर दोघांनाही आधी बोलावून घ्या. वकील मित्रांनो, ॲक्सेसच्या अर्जाला ‘से’ द्यायला दोन तारखा मागू नका. कायद्याने तुम्हाला मुभा असेल. पण मुलाची सातवीची सुट्टी एकदाच येते.

कागद कसा करायचा? दोघांचं पटलं तर साध्या भाषेत मुद्दे लिहा, दोघांनी सह्या करा, आणि खटला चालू असेल तर ते कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी, म्हणून कोर्टात दाखल करा. मग त्याला आदेशाचं बळ येतं. पटत नसेल तर चालू प्रकरणातच सुट्टीतल्या भेटीचा अंतरिम अर्ज द्या. प्रकरणच नसेल तर मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसलेल्या जिल्ह्यात जिल्हा न्यायालयात जा. कौटुंबिक न्यायालयात तुम्ही स्वतः उभं राहून बोलू शकता. तिथे वकील न्यायालयाच्या परवानगीने येतो. विवाह समुपदेशक तिथेच बसतात आणि त्यांची फी नसते. मुंबईत वांद्र्याला, पुण्यात, नागपुरात ही न्यायालयं आहेत, इतरही शहरांत आहेत.

वकील करायची ऐपत नाही म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींनाही, आणि इतर पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. मूल धोक्यात असेल तर 1098, आणि स्त्रीला स्वतःला मदत हवी असेल तर 181. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच असतं, जिल्हा प्राधिकरणाचं जिल्हा न्यायालयात. मुलाचा जन्मदाखला, शाळेचं परीक्षेचं वेळापत्रक आणि जुना आदेश असेल तर त्याची प्रत घ्या, आणि येत्या सोमवारी सकाळी तिथे जा.